बरोबर आकडा

होटगी रस्त्याच्या विमानतळावर धावपट्टी एकच आहे.
साखर पेठेतल्या गच्चीवरून ती दिसत नाही,
पण पत्र्यांवरून आवाज सरकतो तेव्हा कळतं
आज वारा कुठल्या अंगाचा आहे.
बायको म्हणते, इथं चुकायला दुसरी पट्टीच नाही,
आता तरी झोपत जा.
तिला सांगत नाही
की एका पट्टीलाही दोन टोकं असतात
आणि दोन टोकांचे दोन आकडे.

त्या दूरच्या शहरात पट्ट्या दोन होत्या,
एक लांब, एक आखूड.
मधलं वळण खणून ठेवलेलं, दिव्यांची एक ओळ बंद.
पहाटेचे पाच वाजून दहा मिनिटं.
मी म्हणालो, रनवे टू थ्री, क्लिअर्ड फॉर टेकऑफ.
कॅप्टन लोटलीकर म्हणाला, टू थ्री, क्लिअर्ड फॉर टेकऑफ.
टेपवर अजून तसंच आहे.
दोघांच्या बोलण्यात एका अक्षराची चूक नाही.
शेवटी तो मराठीत म्हणाला, "चला, येतो."
माझ्या उच्चारावरून ओळखलं असावं.

मग मी पाठ वळवली.
रात्रपाळीची नोंद करायची होती,
किती आली, किती गेली.
काचेपलीकडे चाळीस सेकंद
विमान आखूड पट्टीवर तोंड करून उभं होतं.

चौकशीला तिघे होते, आणि पाण्याच्या बाटल्या.
काच स्वच्छ होती का?
होती.
बघत राहणं नियमात लिहिलंय का?
"शक्य असेल तेव्हा" असं लिहिलंय.
शक्य होतं का?

अहवालात मुख्य कारण वैमानिक.
माझं नाव नाही, पण एकशे बाराव्या पानावर मी आहे,
साहाय्यक कारण.
शाळेत येमुल मास्तरांनी शिकवलं होतं,
साहाय्यक क्रियापद शेवटी येतं
आणि ते नसेल तर वाक्य पुरं होत नाही.

वडील मागावर होते, चादरींच्या.
नक्षीचं कार्ड चुकीचं टोचलं गेलं की मोर वाकडा निघायचा.
पैसे विणकराचे कापले जायचे, टोचणाऱ्याचे नाही.
रात्री जेवताना ते तेलुगूत शिव्या घालायचे,
आणि हात धुताना, खाली बघत,
"हातभर आधी दिसलं होतं रे मला.
माग थांबवायला पाहिजे होता."

मागच्या फेब्रुवारीत लोटलीकरची बहीण आली. सुलक्षणा.
पत्ता कुठून काढला, मी विचारलं नाही.
भांडायला आली असेल म्हणून बायको दारातच उभी.
तिनं विचारलं, त्यानं आकडा बरोबर म्हटला ना?
बरोबर म्हटला.
म्हणजे आपण तिथंच आहोत असं त्याला वाटत होतं.
हो.
आणि तुम्हालाही.
हो.
बराच वेळ शेजारचा यंत्रमाग तेवढा चालू होता.
मग म्हणाली, बघितलं असतं तर काय बोलला असता?
थांब.
एवढंच?
एवढंच पुरतं.
तिनं तो शब्द ओठांत एकदा म्हणून बघितला,
चहा अर्धा ठेवला,
शेंगाचटणीची पुडी मात्र घेऊन गेली.

कोण किती, हे वजन मला अजून करता येत नाही.
पट्टी त्यानं निवडली, खरं आहे.
कॉकपिटमध्ये दोघे होते, होकायंत्र होतं, हेही खरं.
हे सगळं मी स्वतःला सांगतो
आणि दाढी करताना आरसा असा टांगतो
की मागचं दार त्यात दिसावं.

आज संध्याकाळचं विमान उशिरा सुटलं.
वाळत घातलेल्या टॉवेलांच्या रांगेत मी उभा होतो.
खालून गुर्रमांचा पोरगा ओरडला,
काका, कुणाची वाट बघताय?
कुणाची नाही, म्हटलं.
गेलं का, ते बघतोय.